अकरा महिने

मोशीच्या फ्लॅटची किल्ली हातात आली
तेव्हा माझ्या नखांत केशरी पावडर होती.
ट्रॅक्टरचे ब्रॅकेट, एकशेऐंशी नग,
भट्टी दोनशे अंशांवर,
आणि रियाजभाई म्हणाले, "ताई, तुम्ही जा, रंग मी बघतो."

चौथा मजला. हॉल, किचन, एक बेडरूम.
बाल्कनीतून कचरा डेपोचा डोंगर दिसतो,
माहितीपत्रकात त्याला 'हिल व्ह्यू' म्हटलं होतं.
हॉलच्या नव्या पांढऱ्या भिंतीला मी हात टेकला,
घर खरंच आहे की नाही बघायला,
तर चार केशरी बोटं उमटली.
पदराने पुसली. पसरली.

हिशेब आधीच मांडला होता, चलनाच्या पाठीमागे:
हप्ता एकवीस हजार, भाडं तेरा,
सोसायटीचे बावीसशे,
आणि दोन महिने रिकामं राहिलं तर
इथे पेन थांबलं होतं.
सीए खाडिलकर म्हणाले,
"धंदा आणि घर एका ताटात वाढू नका.
तुमचं गिऱ्हाईक नव्वद दिवसांनी देतं,
बँक पाच तारखेला मागते."
मी मान डोलावली.
आणि चौथ्याच महिन्यात भट्टीचा बर्नर गेला
तेव्हा नवा आणला तो डिपॉझिटच्या पैशांतून.
हे रियाजभाईंनाही माहीत नाही.

एजंटने फोनवर विचारलेलं, "बॅचलर चालतील? कुठल्या लोकांना नको?"
मला कर्वेनगरातला एक दरवाजा आठवला,
साखळी लावलेला, बोटभर उघडा,
आतून आधी आडनाव विचारणारा.
आडनाव ऐकून तो मिटला, आवाज न करता,
चांगल्या बिजागरीचा होता.
"ज्यांना घर हवंय ते चालतील," मी म्हणाले.
एजंट हसला. त्याला वाटलं, नवीन आहे बाई.
होतेच.

आली ऊर्मिला नारखेडे, भुसावळची,
पाणी तपासायच्या लॅबमध्ये कामाला.
नळाचं पाणी बाटलीत भरून घेऊन गेली,
दोन दिवसांनी सही केली.

आता करार संपतोय.
काल शेडमालकांची गाडी भोसरीत दारापाशी थांबली,
काच अर्धी खाली, इंजिन चालू.
"मॅडम, दहा टक्के. सगळीकडेच वाढलंय."
दर अकरा महिन्यांनी हेच वाक्य, हीच काच.
मी हो म्हणाले. भट्टी डोक्यावर घेऊन कुठे जाणार?

रात्री ऊर्मिलाला मेसेज लिहायला बसले.
दहा टक्के, असं लिहिलं.
सगळीकडेच वाढलंय, असंही लिहिलं,
आणि वाचताना माझ्याच कानात
ती काच खाली सरकली.
खोडलं. पाच लिहिलं.
मग हप्ता आठवला, मेंटेनन्स आठवला,
आतून गुपचूप उचललेलं डिपॉझिट आठवलं.
सात.
सातवर बोट बराच वेळ ठेवून बसले.

तेवढ्यात तिचाच फोटो आला:
हॉलची भिंत, त्यावर माझी चार बोटं,
शेजारी तिने दुधाचा हिशेब टांगलेला.
"ताई, रंग देणार असाल तर एवढं सोडून द्या.
अंधारात बटण कुठंय ते याच्यामुळे कळतं."

मेसेज अजून तसाच आहे.
उद्या पाच तारीख.
भट्टी सहाला पेटवायची आहे.