डावीकडची सीट

रात्री दीडला फोन वाजला
तेव्हा पहिलं मनात आलं ते पाणी.
जुलैत सांगलीत अवेळी फोन आला की माणूस
आधी आयर्विन पुलाची पातळी विचारतो,
मग कोण बोलतंय ते.

पलीकडं पद्मजा आवटी.
“बाई, पोर्तोच्या विमानतळावर आहे. गाडी घेतलीय भाड्यानं.
स्टिअरिंग डावीकडं आहे.”
“असणारच की.”
“माहीत होतं हो. पण आता खरंच आहे.”

चोपन्नाव्या वर्षी आली होती माझ्याकडं शिकायला,
विश्रामबागेतल्या पत्र्याच्या शेडात, ज्याला मी ऑफिस म्हणते.
हळदीच्या पोत्यांच्या ट्रकपुढं तीनदा गाडी बंद पाडली.
आवटीसाहेब कठड्यावर बसून बघायचे, मान हलवायचे.
तिनं कधी मागं वळून पाहिलं नाही.
आरशात पाहायची. आरसा मी शिकवला होता.

काउंटरवर तास गेला म्हणाली.
पोरगा म्हणे, कार्डावर नाव ड्रायव्हरचंच पाहिजे.
यांनी ऐटीत आपलं काढलं,
त्यानं दोन बोटांनी परत सरकवलं
आणि हिच्याकडं बघितलं.
बाराशे युरो अडकवून ठेवलेत, गाडी परत दिली की सोडणार.
“मांडववाला घेतो की भांड्यांचं, तसंच,” मी म्हटलं.
विमा तीन तऱ्हांचा होता. तिनं मधला घेतला,
साडी घेतो तसा.

“आधी खाली उतर. चारी बाजूंनी फोटो काढ.
ओरखडा, पोचा, काचेवरचा टिपका, टाकीचा काटा.
जे तुझं नाही ते आत्ताच त्यांच्या नावावर कर.”
फोनमधून बॅगांच्या चाकांची खडखड,
कुणीतरी परक्या भाषेत हसलं.
“बाई, मागच्या दाराला एक आहे. लांबडा.”
“काढ.”
“आपल्या गाडीला होता तसाच.”
तो तासगावच्या द्राक्षांच्या क्रेटनं पडलेला.
मी फोटो काढला नव्हता. दाखवणार कुणाला?
गाडी माझी, ओरखडाही माझाच.

मग गाडी चालवली आम्ही.
ती तिथं, मी पलंगाच्या काठावर, गुडघ्यांवर चादर.
गिअर उजव्या हाताला. पाय तेच,
डावा क्लचवर, उजवा ब्रेकवर;
पायांना देश कळत नाही.
“आणि बाजू विसरलीस तर एवढंच बघ,
ड्रायव्हर कायम रस्त्याच्या मधल्या अंगाला.
इथंही, तिथंही. कडेला बसलीयस असं वाटलं
की चुकलीस.”
तिनं दोनदा म्हणून घेतलं.
मागून आवटीसाहेब, “अजून टॅक्सी करता येईल हं.”
उत्तर पहिल्या गिअरनं दिलं.
मीच म्हटलं, ठेव आता.
फोनवर बोलत चालवायचं नाही.

झोप गेली ती गेलीच.
खाली उतरले. गल्लीतलं कुत्रं एकदा बघून परत झोपलं.
बावीस वर्षं मी या गाडीत डावीकडं बसते.
पायाशी माझा एक जादा क्लच, एक जादा ब्रेक,
समोर नुसतं प्लॅस्टिक आणि पुसायचं फडकं.
किती जणींना इथून थांबवलंय,
एकीलाही इथून वळवता आलं नाही.

दार उघडून माझ्याच जागेवर बसले.
पद्मजा आत्ता ह्याच सीटवर आहे.
हात पुढं केले. काही नव्हतं.
तरी थोडा वेळ धरून ठेवले तसेच,
एक जरा वर, एक जरा खाली,
वळण येतंय असं.
समोरच्या भिंतीवर मागच्या पुराची रेघ
दिवे न लावताही दिसत होती.

पहाटे फोटो आला. गाडी वाकडी लावलेली,
एक चाक पांढऱ्या पट्टीवर.
खाली लिहिलेलं: टाकी भरूनच परत द्यायची म्हणे.
कधी भरू?

सातची मुलगी शेडाबाहेर चप्पल घासत उभी होती.
तिला किल्ली दिली, आणि चालता चालता कळवलं,
विमानतळाच्या अलीकडच्या पंपावर.
पावती टाकू नकोस.