काही बाकी नाही

संचारबंदीत माणसं कमी पडली म्हणून
चौकीत रजिस्टरवर सही घेतली,
पोपटी जाकीट दिलं, शिट्टी,
आणि वेताची एक काठी.
"मारायची नाही हं, नुसती धरायची."

मी धनकवडीतला झेरॉक्सवाला.
जन्मात कुणाला 'ए' म्हटलं नव्हतं.
सुटे नसले तर, राहू द्या, उद्या द्या.

पहिल्या दिवशी हात जोडून घरी पाठवलं लोकांना.
तिसऱ्या दिवशी काठी
बॅरिकेडवर आपटून पाहिली:
अख्खा सातारा रस्ता माझ्याकडे वळला.
रात्री जेवताना तो आवाज कानात होता.
गोड लागला, खोटं कशाला बोलू.

सहाव्या दिवशी खिलारे आले.
शाळेतले शिपाई, दर जूनला
दाखल्यांच्या प्रती काढायला माझ्याकडेच.
थर्मासमध्ये बर्फ, बर्फात बायकोचं इन्सुलिन.
चिठ्ठी पुढे धरली. मी वाचली नाही.
"वीस उठाबशा," म्हणालो.
कुणी सांगितलं नव्हतं. हवालदार तर
लांब सावलीत चहा पीत होता.
चौदाव्या उठाबशीला त्यांचा गुडघा वाजला.
मी मोजत राहिलो,
मोठ्यानं.

अकरा दिवसांनी जाकीट परत.
काठी त्यांनी तपासून घेतली, शिट्टीही.
'माझ्याकडे काही बाकी नाही'
असं लिहून दिलं, खाली सही.

खिलारे अजून येतात.
काचेखालचा उजेड सरकतो तोवर
खाली बघत उभे राहतात,
सुटे अगदी मोजून देतात.
"येतो साहेब," म्हणतात.

आधी मुकुंदा म्हणायचे.