शिवलेला खिसा

पन्नास वर्षं मिठागरात उभा राहिलास, अदेलिनो,
अवैरोच्या खाडीकाठी, गुडघ्याएवढ्या उन्हात.
पाणी आटवत गेलास, पांढरे ढीग रचत गेलास,
आणि आता ती पोरगेलीशी डॉक्टरीण
कागदावर बोट ठेवून म्हणते :
दिवसाला एक चमचा. सपाट.
त्यातच पाव आला, त्यातच चीज.

तू हसलास.
मी नाही हसले.
यंत्रावरचं एकशे सत्तर मी तिच्याआधीच वाचलं होतं.

खाल्ल्या मिठाला जागलास जन्मभर,
आता मीठच जागं असतं रात्रभर
तुझ्या रक्तात.

खारा कॉड पूर्वी एक दिवस भिजायचा,
आता दोन. सहा वेळा पाणी बदलते.
एकदा तर रात्री दोनला उठून.
अंधारात टब ओतताना ऐकू येतो
तुझा श्वास :
जिना चढतो, थांबतो,
पुन्हा चढतो.
मासा शेवटी सोडतो मीठ.
माणसाचं सांगता येत नाही.

पहिला आठवडा तू बटाट्याकडे असा पाहत होतास
जसे त्यानं तुझे पैसे बुडवलेत.
मीठदाणीच्या जागी मी लिंबू ठेवलं.
तरी तुझा हात तिथेच जायचा,
चाचपून मागे यायचा,
बंद दुकानावरून परतल्यासारखा.
नावडतीचं मीठ अळणी म्हणतात.
मग मी कोण रे,
सेहेचाळीस वर्षं आवडती,
आणि सूप हे असं?

शनिवारी तुझा कोट धुवायला काढला.
उजवा खिसा कडक लागला हाताला.
उलटा केला तर खडे. करडे, जाडसर,
आपल्याच आगरातले.
एक जिभेवर ठेवला.
खरं सांगू, डोळे भरून आले.
इतकं चांगलं मीठ करायचास तू.

मग सुईत दोरा ओवला.
काळा नव्हता, तपकिरी सापडला.

सोमवारी जेवताना तुझा हात कोटाकडे गेला
आणि टाक्यांपाशी थांबला.
मी ऑलिव्ह पाण्यानं धूत होते,
वर पाहिलं नाही.
बराच वेळ नुसता चमच्याचा आवाज.

"आज लसूण जास्त आहे का?"
"आहे. कोथिंबीरही."
"हं," म्हणालास,
आणि पाव मोडलास. अर्धाच.

दोनचा गजर लावते.
कॉडचं पाणी बदलायचंय.