वायंगणकरबाईंच्या मागे बसून

टेंभीपाड्याच्या पतपेढीत, झेरॉक्सवाल्याच्या वरच्या मजल्यावर
तीन जुने कॉम्प्युटर. लायसन संपलं
तेव्हा मंडळाने ठराव केला: फुकटचं बसवा.
मुक्त, मी म्हणालो. फुकट नव्हे, मुक्त.
तेच ते, म्हणाले चेअरमन, आणि कटिंग मागवला.

आज मी वायंगणकरबाईंच्या मागे स्टुलावर,
मांडीवर वही. चाचणीचा नियम एकच:
बघायचं, लिहायचं, बोलायचं नाही.
बाईंनी चष्मा पुसला, पेन ड्राइव्ह खोचला.
पडद्यावर उमटलं: आरोहण करायचे आहे का?

हा शब्द माझा.
तीन वर्षांपूर्वी रात्री दोन वाजता
कोश उघडून, छाती फुगवून घातलेला.
बाईंनी तो मोठ्याने वाचला, मग एकदा मनात.
"कुठं चढायचंय?" त्यांनी कॉम्प्युटरलाच विचारलं.
मी जीभ दाताखाली धरली.

पुढे छपाई. चुकीची फाइल गेली, थांबवायची होती.
छपाई रद्द करणे रद्द करायचे?
खाली दोन बटनं: होय. रद्द करा.
बाण दोघांच्या मधे घुटमळला.
अकरा सेकंद. मी मोजले.
तोवर प्रिंटरमधून कुणाच्या तरी जामीनपत्राच्या प्रती
येत राहिल्या, येतच राहिल्या.
बाई अर्धवट वळल्या:
"सॉरी हं. माझंच काहीतरी चुकलं."

बत्तीस वर्षं ज्यांच्या रोजकीर्दीत
एक पैसा इकडचा तिकडे झाला नाही
त्या माझी माफी मागत होत्या,
माझ्याच शब्दांबद्दल.

ह्या कामाला मराठीत सुलभता म्हणतात.
सुलभ म्हटलं की मुंबईकराला आधी काय आठवतं
ते पिग्मी एजंट गावणंगना हसत सांगितलं.
चिल्लर मोजता मोजता ते म्हणाले,
हसू नका. तिथल्या कडीवरून निदान
कळतं, आत कुणी आहे की नाही.

त्या रात्री आरोहण पुसलं.
लिहिलं: पेन ड्राइव्ह उघडू?
आणि बटनांवर: छपाई थांबवा. छापू दे.
एवढंच. दीड ओळ.
दूरदेशीच्या राखणदाराला पाठवलं.
त्याने विचारलं, अडचण किती जणांची आहे?
मी लिहिलं, एक.
मग पुढे जोडलं: आणि त्यांनी माफी मागितली.
सात आठवडे काही नाही.
मग एके सकाळी, शब्दही न बोलता,
हिरवी खूण.

नवी आवृत्ती बसवली त्या दिवशी
मी पुन्हा स्टुलावर.
बाईंनी पेन ड्राइव्ह खोचला, उघडला, छापलं, थांबवलं,
मधेच गावणंगना चार नोटा मोजून दिल्या.
कुठेही अडल्या नाहीत. काही बदललंय
हेही कळलं नाही त्यांना.
हलणारी लादी नीट बसवली
की पाऊल तिला विसरतं.
पानभर कोरी वही घेऊन मी
इतका खूश कधीच नव्हतो.

मग त्या तारखेपाशी थबकल्या.
"हे तीन मे, की पाच मार्च?
सॉरी हं, माझंच..."
"तुमचं नाही," नियम मोडून मी म्हणालो,
"आमचं चुकलंय."

बाईंनी चष्मा काढला.
थकबाकीदाराकडे बघतात तशा
माझ्याकडे नीट बघितलं.
"मग लिहून घ्या," म्हणाल्या,
"बरंच आहे."