तिसऱ्या तारखेचा मका

भातकापणी उरकली की जमीन मोकळी होते,
असं आमच्या आराखड्यात लिहिलेलं असतं.
शेवंता गोरिवले म्हणते, नांगरून कोण देनार
ते लिवलंय काय त्यात?

म्हणून तीन तारखा.
पंधरा नोव्हेंबर, पाच डिसेंबर, पंचवीस डिसेंबर.
बियाणं तेच, आंजर्ल्याच्या खाडीवरून येणारा खारा वारा तोच,
दोन पेरं खोल टोकलेलं
तांबड्या मातीत.

सकाळी दव असतं, पराग चिकटून बसतो.
दव उतरलं की सुरू करतो आम्ही.
तुऱ्यावर खाकी पिशवी, कणसावर पांढरी.
आई कोण, बाप कोण, तारीख. पेन्सिलीने.
शाई दवात फुटते, हे मी पहिल्या वर्षी शिकले
चाळीस कणसं बेवारस करून.

फेब्रुवारी संपता संपता पारा अडतिसावर गेला.
तिसऱ्या वाफ्यात तुरे आधीच झडले
आणि केस बाहेर आले पाच दिवसांनी,
ओलसर, पोपटी,
कुणी नव्हतं तेव्हा.
सोलून पाहिलं तर दाणे
पहिलीतल्या पोराच्या दातांसारखे.
एकशे बारा, आमचा लाडका,
पहिल्या पेरणीत माझ्या हातालाही न लागणारा,
इथे कमरेशी येऊन थांबला.

सत्तेचाळीसकडे कुणाचं लक्षच नव्हतं.
बुटका. पानं अंमळ वाकडी.
आधी चौथा, मग तिसरा, मग परत तिसरा.

बैठकीत टिपणीस सरांनी विचारलं,
पहिला कुठल्या तारखेला आलाय हा?
कुठल्याच नाही, मी म्हटलं.
पंख्याखाली कागद फडफडत राहिले.
पुढचा विषय नारळावरच्या सोंड्या भुंग्याचा होता.

वजनं संपल्यावर शेवंता दाणे सोलत बसली.
टिलर आधी वरच्या वाडीत फिरतो,
आमच्याकडं नाताळ झाल्यावर, ती म्हणाली.
हा माज्या तारखेचा हाय काय गो?

हो म्हटलं.
तिने मूठभर दाणे पदरात बांधले,
पुढच्या वर्षासाठी.

संकराचं बी धरता येत नाही.
पुन्हा पेरलं की एक आईवर जातो, एक बापावर,
एक कुणावरच नाही.
हे तेव्हाच सांगायला हवं होतं.
मी पेन्सिल शोधू लागले,
जी माझ्या कानावरच होती.