पंखा

फैजपूर. मे महिना. दुपारचे अडीच.
जळगावच्या दवाखान्यातून पोरगा फोनवर सांगत होता:
पंखा बंद करा,
डोक्याखाली उशी,
पापण्यांवर ओला कापूस.

सुपडूअण्णांच्या भोवती
आम्ही वीसेक माणसं निथळत बसलो.
चुलतसासू कुजबुजल्या, पुढच्या जन्मी आंधळे येतील.
कोकिळाबाईंनी कापूस पुन्हा भिजवला.

गाडी आली. बर्फाचा डबा एवढासा,
लग्नात कुल्फीवाला आणतो त्याहून लहान.
बाईंनी एकच विचारलं,
“चस्मा व्हता त्यायले. चालीन?”
“चालेल, आजी.”

अर्धा तास दार लोटलेलं.
गाडी यावलच्या रस्त्याला लागली
तरी बटणाकडे कुणाचा हात जाईना.

मग त्याच उठल्या.
“लावा आता,” म्हणाल्या,
“त्यायले उकडत असीन.”