पाच हाफ तिकिटं

मणेराजुरीच्या फाट्यावर एकजण चढला,
डोक्यावर डालगं, डालग्यात चिवचिवाट.
मी नियम सांगितला : जिवाचं वेगळं तिकीट.
तो म्हणाला, बाई, पिल्लं आहेत, हाफ काढा.
गाडी हसली.
सांजच्या फेरीला तोच परत, बाजार उठवून,
डालग्यात पाच उरलेली.
पदरी दुसरं काही घ्यायचं नव्हतं मला,
तरी तिकिटाच्या मशीनला हात पुसून
मी विचारून बसले : केवढ्याला?

तयारी? कसली तयारी.
द्राक्षाची रिकामी पेटी, तळाला भाताचं तूस,
चाळीसचा बल्ब वायरीला लोंबता,
सगळं मोरीत, कारण कडी फक्त मोरीला होती.
स्वरांजलीनं पाणी ठेवलं पसरट ताटात
आणि पहाटे एक पिल्लू
भिजल्या कापसासारखं गार.
ती शाळेत गेली नाही. मी ड्युटीवर गेले.

शकिलाभाभी भिंतीवरून म्हणाली,
ताटात गोट्या टाक गं, पाणी चोचीपुरतंच राहतं.
बल्बाखाली गर्दी झाली तर थंडी वाजतीय,
लांब पळाली तर उकडतंय.
तुझ्या गाडीतली माणसं कळतात तुला, ही नाही कळत?

मानमोडीचा थेंब सातव्या दिवशी, डोळ्यात.
सातव्या दिवशी मी जतला मुक्कामी.
आठव्या दिवशी डॉक्टर चिडले, पण थेंब दिला.

खुराडा बांधला वर्कशॉपच्या बिराजदारनं,
भंगारात निघालेल्या गाडीची खिडकी लावून.
दारावर अजून अक्षरं आहेत :
शरीराचा कोणताही भाग बाहेर काढू नये.
कोंबड्या माना बाहेर काढतात.
दंड कुणाला लावायचा?

सगळ्यांना वाटतं, हिला वेळ कुठला.
पहाटे दहा मिनिटं, दार, दाणा, पाणी.
सांजेला दहा, मोजणी आणि कडी.
मधला दिवस त्यांचा त्या काढतात,
अंधारलं की आपापल्या आत जातात,
शेवटच्या गाडीला माणसं चढतात तशा, न ढकलता.
कडी तेवढी माणसाची.

ती कडी एकदा राहिली.
कवठ्याच्या अलीकडं गाडीचा पाटा तुटला,
भाभी लग्नाला मिरजेला,
स्वरांजली अभ्यास करता करता झोपलेली.
साडेदहाला बॅटरी मारली तर तीन.
पुन्हा मोजलं. माझा हिशेब बारा वर्षांत चुकला नाही,
डेपोत विचारा.
बांधापर्यंत पिसं होती, मुंगसाच्या वाटेनं,
आणि आत तिघी एकमेकींत डोकं खुपसून.
तिघी कसल्या.
त्यातला एक महिन्याभरानं आरवला,
पावणेचारला, गजराच्या आधी दहा मिनिटं.
अंड्याला कोंबडा लागत नाही, भाभी म्हणते,
देऊन टाक.
बघते, म्हणते मी. अजून बघतेच आहे.

जुनी तिकीटपेटी, पत्र्याची,
मशीन आल्यापासून पडवीत पडलेली.
कुणी सांगितलं नव्हतं तिला,
तिच्यासाठी वेगळी पेटी ठेवली होती, गवत घालून,
तरी तांबडी शिरली नेमकी तिकिटांच्या पेटीत
आणि ओरडत बाहेर आली,
सुट्टे पैसे न मिळाल्यासारखी.

लहानसं होतं, लिंबाएवढं,
टोकाला रक्ताची बारीक रेघ.
पहिलं असंच असतं म्हणे.
मी उचललं. गरम होतं,
नुकतंच कुणीतरी उठून गेलेल्या सीटसारखं.

साडेपाचची विटा लागली होती.
अंडं मी तांदळाच्या डब्यात ठेवलं,
वर चिठ्ठी : स्वरांजली, उकडू नकोस, मी येईपर्यंत.
स्टँडवर पोचले तेव्हा आठवलं,
शिंपल्याचा चुरा संपलाय.